नांव सांपडत नाहीं तेव्हां

अकरावीच्या प्रवेशअर्जाची ती शेवटची संध्याकाळ होती. मुरूडजवळच्या एका घरीं एक विद्यार्थिनी संगणकापुढें बसली असतां पडद्यावर उत्तर उमटलें कीं, या नांवाचें स्थळ सांपडत नाहीं. वडिलांनीं तारेस दोष दिला, आजीनें पावसास. आम्ही सहज तेथें गेलों होतों.

संगणकास नांवापेक्षां अंक कळतात. टपालखात्यानें १९७२ सालीं पिन क्रमांकाची पद्धत सुरू केली; अलिबागचा क्रमांक ४०२२०१ आहे. त्याचप्रमाणें प्रत्येक संकेतस्थळास अंकी पत्ता असतो, आणि नांवावरून तो शोधून देणाऱ्या यंत्रणेस डीएनएस म्हणतात. ती पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं योजिली. २०१४ पासून संकेतस्थळाचें नांव देवनागरींत लिहून शेवटीं ‘.भारत’ जोडतां येतें. तरी आंतील पत्ता अंकांचाच!

मग दोष तारेचा कीं नांवाचा? कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन अक्षरांत ‘पिंग’ व पुढें १.१.१.१ हा अंकी पत्ता लिहावा. उत्तर आलें तर तार शाबूत आहे, नांवाच्या शोधांत खोट आहे. मुळींच न आलें तर राउटर व तार पाहावी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें आमच्या किनाऱ्यावरील खांब आडवे केले, तेव्हां नांवाचा प्रश्नच उरला नव्हता.

येथें उत्तर आलें. कधीं कधीं संगणक जुना पत्ता स्मरणांत धरून बसतो. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झाल्यावरही जुनीं माणसें कुलाबाच म्हणत, तसें. विंडोजमध्यें ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली असतां तें स्मरण पुसलें जातें. आम्हीं ती दिली. उपयोग झाला नाहीं. राउटर बंद करून पुन्हा लाविला, तरी तेंच.

तेव्हां विचारलें, आईच्या मोबाइलवर याच वायफायनें तें पान उघडतें काय? उघडलें! (हें आम्हीं आधींच विचारावयास हवें होतें.) म्हणजे दोष त्या एका संगणकाचा. जोडणीच्या सेटिंगमध्यें पाहतां, कोणा दुरुस्तकारानें डीएनएसच्या रकान्यांत हातानें एक अंकी पत्ता लिहून ठेविलेला आढळला, आणि त्या पत्त्यावर आतां कोणीच उत्तर देत नव्हतें. तो पुसून ‘आपोआप’ हा पर्याय निवडिला. त्याऐवजीं १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहिलें असतें तरी चाललें असतें. मात्र अनोळखी माणसानें फोनवर सांगितलेला अंक तेथें कदापि लिहूं नये, कारण खोटा मार्गदर्शक बँकेचें नांव विचारणाऱ्यास चोराच्या दारीं नेऊं शकतो.

निकालाच्या दिवशीं पान उघडत नाहीं, तें बहुधा निराळें. तेव्हां पत्ता सांपडतो, पण दाराशीं गर्दी फार असते. तेथें थोडें थांबणें हाच उपाय.

साडेनऊ वाजतां अर्ज गेला. पावती छापावयास घरांत कागद मात्र नव्हता.