जुन्या संडासातलं पेलाभर पाणी

जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला पाहुण्यांसमोर आपला छंद कौतुकानं मांडता येतो. जुने कमोड, साखळीच्या टाक्या आणि पितळी नळ जमवणाऱ्याची मात्र पंचाईत होते. तरीही असे शौकीन जगात आहेत, आणि त्यांना बघायला मिळेल अशा जागाही आहेत. इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहर. तिथल्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये संडासाच्या इतिहासाचं वेगळं दालन आहे. आपल्याकडे दिल्लीत बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’नं १९९२ मध्ये सुरू केलेलं शौचालय संग्रहालय आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले कमोड देखणे असतात, हे खरं. आतून-बाहेरून निळी फुलंपानं, कडांना नक्षी, एक तर चक्क डॉल्फिनच्या आकाराचा. नवखा माणूस ही फुलं बघत राहतो. मुरलेला शौकीन वाकून मागची नळी बघतो. ती कशी वळली आहे, तिच्यात पाणी कुठवर थांबतं, यावरून त्याला वस्तूची लायकी कळते. आरोग्याच्या दृष्टीनंही खरी गोष्ट त्या वळणातच आहे.

घरात संडास आणायचा तर मोठी अडचण होती ती खालून वर येणाऱ्या दुर्गंधीची. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीनं १७७५ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. त्यानं भांड्याखालची नळी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळवली. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. प्रत्येक फ्लशबरोबर जुनं पाणी जातं, नवं येतं, आणि खालच्या हवेला वर यायची वाट बंद होते. प्लंबर ज्याला ‘ट्रॅप’ म्हणतात तो हाच. त्यातली पाण्याची पातळी जेमतेम दोन इंचांची असते.

इतकी सोपी युक्ती लगेच सगळीकडे गेली असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. पुढची कित्येक दशकं अनेक घरांत एक स्वस्त प्रकार चालला. भांड्याखाली तांब्याची ताटली, तिच्यात थोडं पाणी, दांडा ओढला की ताटली खालच्या लोखंडी पेटीत उलटी व्हायची. ती पेटी कधीच धुतली जायची नाही! १८८०च्या दशकात थॉमस ट्वायफर्डसारख्या कारखानदारांनी एकसंध चिनी मातीचे, आत हलणारा भाग नसलेले कमोड आणले, तेव्हा हे प्रकरण मागे पडलं. १८८४च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांच्या कमोडला सुवर्णपदक मिळालं. त्याची परीक्षा कशी घेतली? एका फ्लशमध्ये दहा छोटी सफरचंदं आणि एक चपटा स्पंज वाहून जातो का, हे पाहिलं. (थॉमस क्रॅपर यांनी फ्लशचा शोध लावला, ही लोकप्रिय गोष्ट मात्र खरी नाही. ते या धंद्यातले नावाजलेले व्यावसायिक होते.)

गंमत म्हणजे हे सगळं एका चुकीच्या समजुतीपोटी झालं. दुर्गंधीमुळेच कॉलरा आणि टायफॉइड होतो, असं तेव्हा भले भले डॉक्टर मानत. हे आजार प्रामुख्यानं दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात, हे पक्कं व्हायला वेळ लागला. मग वासच अडवणाऱ्या त्या वळणाचं महत्त्व संपलं का?

त्याचं उत्तर २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये मिळालं. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना सार्सची लागण झाली. तपासात बोट गेलं ते न्हाणीघरातल्या जमिनीवरच्या जाळीकडे. लोक फरशी धुवायच्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकून गेलं होतं. त्यात एक्झॉस्ट पंखा लावला की ड्रेनेजच्या पाइपमधले विषाणूयुक्त तुषार घरात ओढले जात.

आपल्या मोरीतल्या जाळीखालीही असाच ट्रॅप असतो. देशभरातले प्लंबर त्याला ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात, उच्चारताना बहुधा ‘नानी ट्रॅप’. महिनाभर गावाला जाऊन आल्यावर बंद घरात गटाराचा वास येतो तो यातलं पाणी आटल्यामुळे. अशा वेळी उदबत्ती लावण्यापेक्षा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावं. पाहुण्यांच्या, न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा ओतलेलं बरं.

जुन्या वस्तूंच्या शौकिनांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पूर्वीच्या अनेक बाथटबांत नळाचं तोंड टबाच्या काठाच्या खाली असे. टब भरला की तोंड पाण्यात बुडायचं. मुख्य पाइपमधला दाब अचानक उतरला, की पेंढ्यानं सरबत ओढावं तसं टबातलं वापरलेलं पाणी उलटं पाइपमध्ये शिरू शकतं. १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांत उतरलेल्यांमध्ये अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे चौदाशे जणांना लागण झाली, ९८ जण दगावले. रोगी आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडल्यामुळे साथ ध्यानात यायलाच वेळ गेला. दोष सापडला तो जुनाट नळजोडणीत, पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गाठ पडण्यात.

म्हणून आज नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांमध्ये मोकळी हवा ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे बाथटब विरळाच, पण नळाला लावलेला रबरी पाइप बादलीत किंवा पिंपात बुडवून ठेवायची सवय घरोघरी आहे. जिथे पाणी दिवसातून दोन-तीन तासच येतं, तिथे ते जाताना पाइपमध्ये ओढ निर्माण होते. बादलीत साबणाचे कपडे असतील, तर ते पाणी कुठे जाईल याचा विचार करून पाइप बाहेर काढून ठेवावा. कमोडशेजारच्या जेटचंही तसंच, तो हुकालाच टांगावा.

राहिला प्रश्न जुने नळ घरात बसवण्याचा. जुन्या पितळेत आणि डाखात शिसं असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंसुद्धा घातक असतं. स्वयंपाकघरात असा नळ नकोच. जुना अमेरिकी फ्लश तर एका वेळी वीसेक लिटर पाणी खातो. आजच्याला सहा पुरतात. जाणते शौकीन त्यामुळे टब जुनाच ठेवतात, मूळचा नळ शोभेपुरता राहू देतात आणि पाणी काठावरून सोडणारी नवी तोटी बसवून घेतात.