बीडीएसचा अर्ज : आपलं राज्य कोणतं?

आज बीडीएस प्रवेशाबद्दल, आणि तेही भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या वस्तीतल्या मराठी घरांसाठी. गाव भंडारा-नागपूरकडचं, आजोबा पोलाद कारखान्यात आले, नातीची शाळा भिलाईत. मग अर्ज भरताना तिचं राज्य कोणतं?

नीट सगळ्यांना एकच, ७२० गुणांची. त्यानंतर सरकारी डेंटल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या ८५ टक्के राज्य भरतं. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला अधिवास तर हवाच, शिवाय दहावी-बारावीही साधारणपणे तिथूनच झालेली लागते. भिलाईत शिकलेल्या मुलीने तो नाद सोडावा आणि छत्तीसगडचं निवासी प्रमाणपत्र वेळेत काढावं. रायपूरचं सरकारी डेंटल कॉलेज काय किंवा घराजवळचं रुंगटा काय, राज्याच्या फेरीत तोच कागद लागतो.

खरी अडचण जातीच्या दाखल्याची. आजोबांचा महाराष्ट्रातला दाखला छत्तीसगडच्या कोट्यात चालत नाही. मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशाच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं, की अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही. जात तीच, अंगावरचे अनुभवही तेच, पण यादी राज्यागणिक वेगळी! अखिल भारतीय कोट्यात मात्र मूळ राज्याचा दाखला ग्राह्य धरतात, तेव्हा तो जपून ठेवा. राज्याच्या फेरीसाठी मागच्या वर्षी खुल्या गटात किती गुणांना जागा मिळाली, ते आधीच बघा. राखीव जागा धरून केलेला हिशेब कागदपत्र तपासणीच्या टेबलावर कोसळतो, आणि तोवर फेरी पुढे गेलेली असते.