दूरनियंत्रक, सार्वत्रिक : कार्यक्रमण व दोषशोधन

दूरचित्रवाणी संच, सेट टॉप बॉक्स, ध्वनिवर्धक, वातानुकूलक इ. अनेक उपकरणे एकाच हातयंत्राने चालविता यावीत म्हणून त्या हातयंत्रात निरनिराळ्या उत्पादकांचे संकेत साठविण्याची सोय केलेली असते. अशा हातयंत्रास सार्वत्रिक दूरनियंत्रक व व्यवहारात नुसते ‘युनिव्हर्सल रिमोट’ असे म्हणतात. संकेत त्यात भरण्यासाठी, भरलेले संकेत तपासण्यासाठी आणि एखादे बटण अपेक्षेप्रमाणे काम देत नसल्यास त्याचे कारण शोधण्यासाठी संगणकावर वा भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या ज्या आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) वापरतात, त्यांचा व त्यांच्या साहाय्याने करावयाच्या दोषशोधनाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

इतिहास : अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये तारेने जोडलेला, १९५५ मध्ये प्रकाशझोतावर चालणारा व १९५६ मध्ये श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा दूरनियंत्रक बाजारात आणला. यांपैकी शेवटचा प्रकार सुमारे पंचवीस वर्षे टिकला. त्यानंतर अवरक्त प्रारणाचा उपयोग रूढ झाला व प्रत्येक उत्पादकाने स्वतःची संकेतपद्धती योजल्यामुळे घरातील रिमोटांची संख्या वाढत गेली. इतर रिमोटांचे संकेत ‘शिकणारी’ हातयंत्रे १९८५ च्या सुमारास निघाली. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांच्या सीएल नाइन या संस्थेने १९८७ मध्ये काढलेला ‘कोर’ हा रिमोट संगणकास जोडता येत असे. मात्र तो सामान्य ग्राहकास झेपणारा नव्हता. फिलिप्सचा ‘प्रोन्टो’ (१९९८) हा स्पर्शपटलाचा रिमोट आणि त्याची ‘प्रोन्टोएडिट’ ही आज्ञावली यांमुळे संकेत मजकुराच्या रूपात लिहून ठेवण्याची व इतरांस देण्याची पद्धत पडली. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या अनेक रिमोटांत सेलच्या कप्प्यात सहा टाचण्यांची एक जोडणी असते. मंडलफलकावरील तिच्या खुणेवरून ‘जेपी वन’ हे नाव पडले. हौशी तंत्रज्ञांनी या जोडणीतून रिमोटची स्मृती वाचणाऱ्या व बदलणाऱ्या आज्ञावल्या तयार केल्या व त्या विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. दोषशोधनाचे बरेचसे शास्त्र याच मंडळींनी उभे केले आहे, उत्पादकांनी नव्हे.

भारतात या विषयाला घरगुती महत्त्व आले ते थेट उपग्रह प्रक्षेपणामुळे आणि २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या केबल सेवेच्या अंकीय रूपांतरामुळे. अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीतील बडनेरा या रेल्वे जंक्शनच्या गावी असो वा मुंबईत असो, ज्या घरी एका रिमोटवर भागत होते तेथे दूरचित्रवाणी संचाचा एक व सेट टॉप बॉक्सचा एक असे दोन रिमोट आले. त्यातून सेट टॉप बॉक्सच्या रिमोटलाच संचाचे चालू-बंद व आवाज यांचे संकेत शिकविण्याची सोय अनेक कंपन्यांनी दिली. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जात असल्याने वातानुकूलकाचा रिमोट हा तिसरा झाला. आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, सर्वांत अडचणीचा तोच आहे.

संकेताची रचना : दोष कोठे आहे हे ठरविण्यासाठी संकेत कसा असतो हे माहीत असणे आवश्यक आहे. रिमोटच्या टोकाशी असलेला प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थ बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण बाहेर टाकतो. ते अखंड नसून सेकंदास ३६,००० ते ४०,००० वेळा लुकलुकते. या लुकलुकण्याच्या कंप्रतेस वाहक कंप्रता म्हणतात. वाहक कमीजास्त काळ चालू व बंद ठेवून द्विमान अंक पाठविले जातात. एनईसी या फार प्रचलित पद्धतीत वाहक कंप्रता ३८ किलोहर्ट्‌झ असते. प्रारंभी ९ मिलिसेकंद स्पंद व ४·५ मिलिसेकंद विराम, मग ३२ द्विमान अंक येतात. प्रत्येक अंकातील स्पंद सु. ५६० मायक्रोसेकंदांचा असतो. त्यानंतरचा विराम तेवढाच असल्यास तो अंक शून्य आणि सु. १,६९० मायक्रोसेकंद असल्यास एक समजतात. मूळ स्वरूपात उपकरणाचा पत्ता व आज्ञा प्रत्येकी आठ अंकांची असून दोहोंच्या मागोमाग त्यांची उलट प्रत पाठविली जाते. बटण दाबून धरल्यास पूर्ण संकेत पुन्हा न जाता ९ मिलिसेकंद स्पंद, २·२५ मिलिसेकंद विराम व एक लहान स्पंद एवढेच पुनःपुन्हा जातात. सोनीच्या पद्धतीत वाहक ४० किलोहर्ट्‌झ, तर फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ३६ किलोहर्ट्‌झ असतो. आरसी-५ च्या १४ अंकांत एक ‘पालटता अंक’ असतो. बटण सोडून पुन्हा दाबले की तो शून्याचा एक वा एकाचा शून्य होतो आणि त्यावरून एकच बटण धरून ठेवले आहे की दोनदा दाबले आहे हे संचास कळते.

दोषशोधनाचा क्रम : अनुभवी तंत्रज्ञ आज्ञावलीकडे वळण्यापूर्वी हातयंत्र तपासतो. अवरक्त प्रारण डोळ्यांस दिसत नाही. पण भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. पुष्कळ भ्रमणध्वनींच्या मागील कॅमेऱ्यास अवरक्त गाळणी असल्याने समोरचा कॅमेरा वापरणे बरे. ठिपका दिसला नाही, तर सेल, त्यांचे गंजलेले स्पर्शक वा बटणाखालील रबर यांत दोष असतो. ठिपका दिसूनही संच दाद देत नसेल, तरच संकेत चुकीचा असण्याची शक्यता विचारात घ्यावयाची. हा साधा भेद न केल्यामुळे चांगल्या रिमोटची स्मृती विनाकारण पुसली जाते.

त्यानंतर जोडणी. जेपी वनची प्रारंभीची केबल संगणकाच्या छपाईयंत्राच्या समांतर द्वाराला लावावी लागे. असे द्वार नव्या संगणकांत नसते आणि यूएसबीवरून समांतर द्वार देणारा साधा परिवर्तक केवळ छपाईयंत्रापुरता बनविलेला असल्याने या कामास चालत नाही. त्यामुळे यूएसबीची वेगळी केबल व तिची चालक-आज्ञावली लागते. संगणकाला रिमोट ‘दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच, म्हणजे चालक नसणे, चुकीच्या द्वाराची निवड किंवा सेल उतरणे यांत असते. रिमोट दिसू लागला की प्रथम त्याची संपूर्ण स्मृती वाचून फाइलमध्ये जतन करावयाची. ही पायरी गाळून केलेले लेखन अर्धवट थांबल्यास मूळ स्थिती परत आणण्याचा मार्ग उरत नाही. वाचलेल्या स्मृतीतील ओळखखूण पाहून आज्ञावली त्या प्रतिमानाचा नकाशा निवडते. नकाशा दुसऱ्या प्रतिमानाचा असल्यास बटणे अदलाबदल झालेली दिसतात. स्मृतीतील अंकांची पडताळा-बेरीज जुळत नाही असा इशारा मिळाल्यास लेखन अपुरे झाले आहे असे समजून जतन केलेली प्रत पुन्हा भरतात.

जोडणी निर्दोष असेल, तर शिकविलेला संकेत उलगडून पाहावा लागतो. प्रोन्टोच्या मजकुरात षोडशमान पद्धतीचे चार-चार अंकांचे गट असतात. दुसऱ्या गटावरून वाहक कंप्रता समजते. ‘००६डी’ म्हणजे दशमान १०९, यापासून सु. ३८ किलोहर्ट्‌झ आणि ‘००७३’ म्हणजे ११५, यापासून सु. ३६ किलोहर्ट्‌झ येतात. पुढील गट स्पंद व विराम यांच्या लांबीचे असतात. एनईसी संकेतातील आज्ञा व तिची उलट प्रत यांची बेरीज २५५ न आल्यास नोंदणी बिघडलेली आहे हे निश्चित. पत्त्याच्या बाबतीत मात्र ही कसोटी नेहमी लागू पडत नाही, कारण विस्तारित प्रकारात पत्ता सोळा अंकांचा असतो व त्यास उलट प्रत नसते. नोंदीत ९ मिलिसेकंद व २·२५ मिलिसेकंद एवढेच आढळले, तर मूळ संकेत निसटून केवळ पुनरावृत्तीची नोंद झालेली असते. अशा वेळी बटण धरून न ठेवता एकदाच दाबून सोडावे लागते.

शिकविताना दोन्ही रिमोट समोरासमोर दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवतात. सीएफएल दिव्यांतील उच्च कंप्रतेच्या मंडलामुळे तसेच थेट उन्हामुळे ग्राहीमध्ये खोटे स्पंद उमटतात. दार उघडे ठेवून भर दुपारी ओसरीवर शिकविलेला रिमोट फसला व रात्री ट्यूबलाइट विझवून तोच साधला, याचे कारण हेच होय. एकच बटण तीनदा नोंदून आज्ञावलीत तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्यास अशी भेसळ लगेच उघडी पडते.

आरसी-५ मधील पालटता अंक हा फसव्या दोषाचा उत्तम नमुना आहे. शिकलेल्या रिमोटमध्ये तो एकाच मूल्यावर गोठतो. परिणामी ११ क्रमांकाच्या वाहिनीसाठी १ दोनदा दाबले, तरी संच ते एकच दीर्घ दाबणे समजतो व वाहिनी १ लावतो. १२ मात्र बिनचूक लागते. ग्राहक बटण खराब झाल्याची तक्रार करतो आणि नवे हातयंत्र घेऊनही तक्रार कायम राहते. शिकविलेली नोंद काढून त्याऐवजी आज्ञावलीतील आरसी-५ ची तयार पद्धती, पत्ता व आज्ञा भरणे हाच यावरील उपाय होय, कारण त्या स्थितीत हातयंत्र पालटता अंक स्वतः बदलते. चालू व बंद या दोहोंसाठी एकच संकेत असणाऱ्या संचांत असाच घोटाळा होतो. अनेक आज्ञा ओळीने सोडणारे बटण योजल्यास आधीच चालू असलेला संच बंद होतो व बंद असलेला सेट टॉप बॉक्स चालू होतो. अशा संचाला चालू व बंद यांचे स्वतंत्र संकेत असतात की काय हे शोधावे लागते. मूळ रिमोटवर तशी बटणे नसली, तरी संच ते संकेत जाणत असतो, असे पुष्कळदा आढळते.

वातानुकूलक : याचा रिमोट दूरचित्रवाणीच्या रिमोटहून मुळातच वेगळा आहे. तापमान वाढविण्याच्या बटणाने ‘एक अंशाने वाढव’ अशी आज्ञा जात नाही. तापमान, पंख्याची गती, कार्यप्रकार, झडपांची स्थिती ही सर्व माहिती दरवेळी एकत्र पाठविली जाते व रिमोटवरील पटलात दिसणारी स्थिती रिमोटच्याच स्मृतीत असते. संकेत अनेकदा शंभराहून अधिक अंकांचा होतो. साध्या शिकणाऱ्या रिमोटच्या स्मृतीत तो मावत नाही व शेवटचा भाग कापला जातो. तो मावला तरी शिकविलेले बटण नेहमी त्याच एका स्थितीची, उदा., २४° से. व मंद पंखा, आज्ञा देते. संकेताच्या शेवटी बहुधा पडताळा-बेरीज असल्याने एखादाच अंक बदलून भागत नाही. येथे आज्ञावलीचा खरा उपयोग होतो. २४° व २५° यांच्या नोंदी शेजारी ठेवून कोणते अंक बदलले ते पाहतात, तशाच नोंदी पंखा व कार्यप्रकार यांसाठी घेतात आणि त्यावरून संकेताचा आराखडा मांडतात. अवरक्त प्रेषक असलेल्या भ्रमणध्वनींसाठी (अँड्रॉइड प्रणालीत यासाठी २०१३ पासून तरतूद आहे) असे तयार आराखडे उत्पादकवार मिळतात. मात्र एकाच उत्पादकाच्या दोन प्रतिमानांचे आराखडे वेगळे असू शकतात. यंत्र चालू होते पण तापमान बदलत नाही, अशी तक्रार आल्यास जवळचा पण चुकीचा आराखडा निवडला गेला आहे असे समजावे.

काही उपकरणांचे रिमोट अवरक्त प्रारणाऐवजी ब्लूटूथ रेडिओ तरंगांवर चालतात. त्यांना शिकविण्याचा कितीही प्रयत्न केला तरी नोंद कोरीच राहते. हा दोष नसून मर्यादा आहे. कॅमेऱ्याची वर दिलेली परीक्षा येथेही उपयोगी पडते.

आज्ञावलीचे आयुष्य : सुस्थितीतील हातयंत्र केवळ आज्ञावली नाहीशी झाल्याने निरुपयोगी होऊ शकते. फिलिप्सने प्रोन्टोचा व्यवसाय २०१० मध्ये बंद केला. ज्या ‘हार्मनी’ रिमोटांत संकेतसंग्रह कंपनीच्या दूरस्थ संगणकावर असतो, त्यांचे उत्पादन लॉजिटेकने थांबविल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. सेवा चालू राहील असे कंपनीने सांगितले असले, तरी नवे उपकरण जोडणे सर्वस्वी त्या सेवेवर अवलंबून आहे. याउलट, प्रोन्टोच्या मजकुरात उतरवून ठेवलेले संकेत इतर आज्ञावल्यांना वाचता येतात व दुसऱ्या बनावटीच्या रिमोटमध्ये भरता येतात. म्हणून मूळ रिमोट चालू असतानाच त्याची सर्व बटणे नोंदून ती फाइल प्रतिमानाच्या क्रमांकासह जपून ठेवण्याची पद्धत दुरुस्तीकारांत इष्ट मानली जाते.