घरी जोडलेला इलेक्ट्रॉनिक काटा वजन चुकीचे का दाखवतो?

अलीकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली ग्रामीण मुले लोड सेल आणून घरच्या घरी वजनकाटा जोडतात. उपक्रम चांगला आहे. मात्र असे काटे दुरुस्तीसाठी दाखवावयास आणले जातात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते, "वर्धन बरोबर येत नाही."

डाळिंबाचे क्रेट मोजण्यासाठी केलेल्या अशाच एका काट्याचे उदाहरण घेऊ. २० किलोचे माप ठेवून प्रीसेट फिरवला व मीटरवर २० आणले. पुढे ५ किलोचे माप ठेवले तर काटा ९.३ दाखवी, आणि ३० किलोचा भरलेला क्रेट २७.१. म्हणजे जड क्रेटमागे जवळजवळ ३ किलो माल हिशेबातून गळत होता. रिकाम्या काट्यावरही साडेपाच किलोच्या वर आकडा दिसे. तो पाटाचा भार समजून सोडून दिला होता.

लोड सेलमधून निघणारा संकेत फार बारीक असतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट या प्रकारच्या ४० किलोच्या सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला अवघे १० मिलिव्होल्ट मिळतात. ऑप-अॅम्पने ते ३०० पट केले की ३ व्होल्ट व्हावेत. परंतु बाजारात सर्रास मिळणाऱ्या एलएम ३५८ या ऑप-अॅम्पचा स्वतःचाच दोष, ज्याला ऑफसेट म्हणतात, साधारण २ मिलिव्होल्ट व जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट असतो. संकेताबरोबर हा दोषही ३०० पट होतो. २ मिलिव्होल्टचे ०.६ व्होल्ट, म्हणजे ८ किलो झाले! ५ किलोचा संकेत १.२५ मिलिव्होल्ट, त्याचे ०.३७५ व्होल्ट हवेत, मिळतात ०.९७५. भागाकार केला की वर्धन ७८० दिसते. वास्तविक वर्धन ठीकच असते.

म्हणून एका मापावरून वर्धन कधीही काढू नये. काटा रिकामा ठेवून, नंतर १०, २० व ३० किलो ठेवून बाहेरचे व्होल्ट लिहून घ्यावेत. वरील काट्यावर ०.६०, १.३५, २.१० व २.८५ असे आकडे आले. दर १० किलोला वाढ सारखीच, ०.७५ व्होल्ट. १० किलोचा संकेत २.५ मिलिव्होल्ट धरल्यास वर्धन बरोबर ३०० येते. अशा वेळी रेझिस्टन्स बदलत बसू नये. आधी रिकाम्या काट्यावर शून्य लावावे, मगच माप ठेवून प्रीसेट फिरवावा. पाटाचा भारही त्याच शून्यात निघून जातो.

वाढ सारखी पण प्रत्येक वेळी कमीच येत असेल तर मात्र वर्धनातच दोष आहे. एकाच ऑप-अॅम्पवर १ किलोओहम व ३०० किलोओहम लावून सर्किट केले असेल, तर ३५० ओहमच्या सेलचा आतील रोध प्रत्येक बाजूस १७५ ओहम इतका मध्ये येतो. वर्धन ३०० ऐवजी २५५ होते आणि ४० किलोचे ३४ दिसतात. संकेत थेट ऑप-अॅम्पच्या धन टोकांवर घेणारे इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर वापरावे आणि रेझिस्टन्स १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्यावेत.

शेवटच्या मापाला वाढ खुंटत असेल तर ऑप-अॅम्पची मर्यादा आली असे समजावे. ५ व्होल्टवर चालणारा एलएम ३५८ साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही. ऑफसेट उलट दिशेने असेल, तर बाहेरचे व्होल्ट शून्याखाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे हलकी वजने दिसतच नाहीत.

साध्या मल्टीमीटरने १ मिलिव्होल्ट मोजून हिशेब करणाऱ्यांनीही सावध असावे. २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्टचा असतो. १.२५ चे १.२ दिसले तरी हिशेबात ४ टक्के फरक पडतो.

उन्हाचाही परिणाम होतो. एलएम ३५८ चा ऑफसेट दर अंशाला सुमारे ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. पहाटे २० अंशाला लावलेले शून्य दुपारी ४० अंशाला अर्ध्या किलोहून अधिक हललेले असते. काटा सावलीत ठेवावा, दर तास-दोन तासांनी शून्य पाहावे. ओपी ०७ चा ऑफसेट ०.१५ मिलिव्होल्टच्या आत असतो, पण त्याला धन-ऋण असा दुहेरी पुरवठा द्यावा लागतो. मायक्रोकंट्रोलर वापरता येत असल्यास वजनकाट्यासाठीच बनविलेली एचएक्स ७११ ही चिप सर्वांत सोयीची. तिच्यात १२८ पट वर्धन आतच असते. शून्य मात्र तिच्यावरही लावावेच लागते.

असा काटा घरच्या अंदाजासाठीच वापरावा. खरेदी-विक्रीसाठी वैध मापन अधिनियम, २००९ नुसार पडताळणी होऊन मुद्रांकन झालेलाच काटा लागतो.