अनामत ही घरमालकाची कमाई नव्हे

अकरा महिन्यांचा करार संपतो, दाराशी टेम्पो उभा राहतो आणि घरमालक भिंती न्याहाळू लागतो. पनवेलच्या जुन्या वस्तीत काय किंवा रेल्वेमार्गापलीकडच्या नवीन पनवेलमध्ये काय, भाड्याने राहणाऱ्या शिक्षक-कारकुनांच्या हा प्रसंग परिचयाचा आहे. रंगाचे इतके, नळाचे इतके, पंख्याचे इतके, अशी वजाबाकी होत अनामतीतील किती रक्कम हाती पडावी, हे घरमालकाच्या मर्जीवर ठरते. नव्या घराची अनामत याच पैशांतून भरावयाची असते. म्हणून भाडेकरू वाद घालीत नाही. मिळेल ते घेऊन निघून जातो.

या व्यवहारात कायदा अगदीच मुका आहे असे नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ ने घरमालकास घराची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे. परंतु तो पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. दुसरी किल्ली खिशात आहे म्हणून भाडेकरूच्या माघारी कुलूप उघडणे या हक्कात बसत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावयास हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

तरीही तराजू समतोल नाही. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध कलम २४ अन्वये घरमालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. दुप्पट आकारही मागता येतो. अनामत अडकवून ठेवणाऱ्या घरमालकाविरुद्ध मात्र असा जवळचा मार्ग नाही. दिवाणी दावा लावावा लागतो, आणि काही हजारांसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

घरमालकाचीही बाजू आहे. थकलेले वीजबिल वा फोडलेले बेसिन यांची भरपाई त्यास मिळालीच पाहिजे. पण रोजच्या वापराने होणारी झीज म्हणजे नुकसान नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानेही भाडेपट्ट्याच्या बाबतीत वाजवी झीज भाडेकरूच्या जबाबदारीतून वगळली आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, ताबा घेतेवेळीच रास्त वजावट करून ती परत द्यावी आणि प्रवेशापूर्वी २४ तासांची सूचना असावी, अशा तरतुदी आहेत. पण तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. राज्याने निदान एवढे करावे, की घर परत मिळविण्यासाठी घरमालकास जो झटपट मार्ग दिला आहे, तोच अनामत परत मिळविण्यासाठी भाडेकरूस खुला करावा.

तोवर भाडेकरूने स्वतःच सावध राहावे. राहावयास येताच नळ, दिवे, पंखे, भिंती यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. निघण्याच्या दिवशी हाच कागद कामी येतो.