सड्यावरचा वसंत

वसंत चैत्रात येतो, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. रत्नागिरीत चैत्र येतो तो आंब्याच्या पेट्या, सुरंगीचे वळेसर आणि विहिरीच्या तळाला गेलेले पाणी घेऊन. त्या दिवसांत गावामागच्या सड्यावर गेले, तर तापलेला कातळ आणि वाळके गवत एवढेच दिसते. रानफुले, धबधबे आणि मनसोक्त भटकंती असा वसंत ज्यांना हवा असेल, त्यांनी इथे भाद्रपदाची वाट पाहावी.

भाद्रपदात तर सारे कोकण घरी आलेलेच असते! चाकरमानी गणपतीला येतात, आरत्या होतात, मोदक होतात, पत्त्यांचे डाव रंगतात. गौरीसाठी तेरडा आणायला कुणीतरी सड्यावर जाते. त्याच्याबरोबर घरातल्या मुलांनीही जावे. शेजारपाजारच्या दोन सायकली मागून घ्याव्यात. घाटी चढताना त्या ढकलाव्या लागतील. पण एकदा माथ्यावर पोचले की सपाट रस्ता आणि समुद्रावरून येणारा वारा, यांपरते सुख नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. त्यावर माती कुठे दोन बोटे, कुठे तीही नाही. पण मृगाच्या सरी पडल्या, की कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुले डोकावतात. ही वनस्पती कोकणातल्या अशा सड्यांखेरीज जगात कुठे आढळत नाही. श्रावणापासून पुढे रंगांची नुसती चढाओढ! गेंदाची पांढरी बोंडे, कवल्याची पिवळी फुले, गुलाबी तेरडा आणि साचल्या पाण्याच्या कडेला निळी-जांभळी सीतेची आसवे. ही नाजूक आसवे चक्क मांसाहारी असतात, हे मुलांना जरूर सांगावे. या मातीत नत्र फार कमी. म्हणून मुळांपाशी असलेल्या चिमुकल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून ती आपली भूक भागवतात. दवबिंदू नावाची वनस्पती तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते.

तंबू ठोकायचा उत्साह कुणाला असेल, तर मेख कातळात जात नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. मुक्काम आपला पडवीतच करावा.

दुसऱ्या दिवशी धबधबा पाहावा. मुंबई-गोवा महामार्गालगत निवळीचा धबधबा आहे; उक्षीजवळचा रानपाट कोकण रेल्वेच्या खिडकीतूनही दिसतो. तिथे रुळांवरून चालत जाण्याचा मोह टाळावा आणि डोंगरावर ढग दाटले असतील, तर पाण्यात उतरू नये. लोंढा सांगून येत नाही. उक्षीच्याच सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत उक्षीचे नाव आहे. म्हणजे हा ओसाड कातळ माणसाने फार पूर्वीच आपला मानला होता.

सातबाऱ्यावर मात्र याच जमिनीची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. पिकत नाही ती जमीन खराब, असा तो हिशेब. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर टँकर येतो. सडा हे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून आत घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना हळूहळू देत राहतो. चिऱ्यांच्या खाणींसाठी किंवा कलमांसाठी तो यंत्राने फोडला, की फुले तर जातातच, पण पाण्याची वाटही बदलते. कासच्या पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आता तिथे तिकीट आहे, पहारा आहे. आमच्या सड्यांपैकी बहुतेकांना राखणदार एकच, ज्याच्या नावावर तो आहे तो.

आणि तो माणूस बहुधा मुंबईला असतो. जमिनीची बोलणी करणाऱ्यांनाही गणपतीचे दिवस सोयीचे पडतात, कारण सगळे हिस्सेदार तेव्हा एका घरात सापडतात. 'नुसता कातळ तर आहे, काय करायचाय ठेवून?' हा प्रश्न पडवीत चहाबरोबर येतो. विकायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर ठरेल. अडलेल्या घराला उपदेश करण्यात अर्थ नाही. पण सही करण्यापूर्वी एक सकाळ मुलांना घेऊन वर जावे. चप्पल फुलांवर पडणार नाही अशा बेताने, कातळाकातळाने चालावे. घरी परतल्यावर त्यांनाच विचारावे, 'काय रे, काय होते सड्यावर?'

'काहीच नाही' असे उत्तर त्यांच्याकडून यायचे नाही.