घरातील मांजर आणि डोळ्यांचे आरोग्य

धान्य उंदरांपासून राखावे म्हणून कारंजा (घाडगे) परिसरातील शेतकरी घरांत मांजर पाळले जाते. त्याच्या अंगावरील पिसवांमुळे 'बार्टोनेला हेन्सेली' हे जिवाणू पसरतात. पिसवांची विष्ठा नखांत राहते. ओरखड्यातून किंवा मळल्या हाताने डोळा चोळल्यास संसर्ग होऊ शकतो. एक डोळा लाल होतो, त्याच बाजूच्या कानापुढे गाठ येते, तापही येतो. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ पारिनो यांनी १८८९ साली ही लक्षणे नोंदविली. क्वचित डोळ्याची नस व दृष्टिपटल सुजून नजर अचानक मंदावते. मात्र बहुतेक रुग्णांची दृष्टी सुधारते. रुग्णांच्या आप्तांस आमची नम्र विनंती : डोळ्यात घरगुती औषध घालू नये आणि मांजराच्या ओरखड्याची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. मांजर हाकलू नये. पिसवांचा बंदोबस्त करावा व ओरखडा तत्काळ साबणाने धुवावा.